ठगांच्या मागावरचा स्लीमन आणि आजच्या आयबीची मुळं

जबलपूरहून कटनीकडे जाताना स्लीमनाबाद रोड नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. पाटी अनेकांनी वाचलेली असते, पण हे नाव कुणाचं असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. विल्यम हेन्री स्लीमन हा ठगांचा बीमोड करणारा इंग्रज म्हणून आपल्याला शाळेत एका ओळीत भेटतो. देशाच्या अंतर्गत गुप्तचर खात्याची, म्हणजे आयबीची, वंशावळ मागे नेत गेलं की ती याच माणसाच्या जबलपूरच्या कचेरीत जाऊन पोचते.

स्लीमन १७८८ मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्मला. १८०९ मध्ये बंगालच्या फौजेत भरती झाला, नेपाळच्या लढाईत होता आणि १८२० मध्ये मुलकी कामावर सागर-नर्मदा प्रदेशात आला. हा मुलूख पेशवे आणि नागपूरकर भोसले यांच्याकडून नुकताच कंपनीकडे गेला होता. १८२२ पासून दोन वर्षं नरसिंहपूर जिल्हा त्याच्या हाताखाली होता. आपल्या जिल्ह्यातली बारीकसारीक चोरीही आपल्याला कळते, अशी त्याची समजूत होती. पुढे कळलं ते असं, की त्याच्या कचेरीपासून चारएकशे यार्डांवरच्या कंदेली गावातच ठगांची एक टोळी राहत होती, आणि सागरच्या वाटेवर एका मजलीवर असलेल्या आमरायांत वाटसरूंची प्रेतं पुरली जात होती. हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं.

ठग सापडत का नव्हते, तर ते आपल्या गावात खून करत नसत. घरापासून शेकडो कोस दूर जायचं, वाटसरूंशी गोडीने सोबत जमवायची, रुमालाने गळा आवळायचा आणि दुसऱ्याच संस्थानाच्या हद्दीत निघून जायचं. शिंद्यांचा मुलूख, होळकरांचा मुलूख, भोपाळ, निजाम, मध्येच कंपनीची हद्द. एका बाजूच्या कोतवालाचा हुकूम दुसऱ्या बाजूला चालत नसे. मेलेला माणूस परगावचा, त्यामुळे फिर्याद करायलाही कुणी नाही. सीमेवर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

स्लीमनने हद्दीचा हा अडसर बाजूला सारला. १८३५ मध्ये ठगीविरोधी मोहिमेचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याचे अधिकारी संस्थानांच्या मुलखातही माणसं पकडू लागले. पण त्याचं खरं हत्यार होतं माफीचा साक्षीदार. फिरंगिया नावाचा जमादार हाती लागला, त्याने पुरलेली प्रेतं दाखवली, मग एकाच्या जबानीवरून दहा आणि दहांवरून शंभर. प्रत्येकाची जबानी वेगवेगळी घ्यायची, दुसऱ्याशी ताडून पाहायची, टोळ्यांच्या वंशावळी मांडायच्या, ठिकाणं नकाशावर घालायची. त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोशही त्याने १८३६ मध्ये छापला. आज ज्याला आपण डेटाबेस म्हणतो तेच हे, फक्त कागदावर.

त्याच वर्षी कायदा आला, आणि इथे जरा थांबावं लागतं. खून सिद्ध करायची गरज उरली नाही. कंपनीच्या हद्दीत किंवा बाहेर, कायद्याच्या आधी किंवा नंतर, माणूस कधीतरी ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप. पुरावा बहुतेक वेळा दुसऱ्या ठगाच्या तोंडचा, आणि त्या ठगाचा जीव त्या जबानीवर टांगलेला. चारशेहून अधिक लोक फाशी गेले, हजारोंना काळ्या पाण्याची किंवा कैदेची शिक्षा झाली. ठगी हे सगळं इंग्रजांनी रचलेलं कुभांड होतं असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही, कारण खड्ड्यांतून आणि विहिरींतून निघालेली हाडं खरी होती. पण फासावर गेलेला प्रत्येक जण ठग होताच, हेही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गुन्हा रक्तातून येतो ही समजूत या मोहिमेतून पक्की झाली. त्याच समजुतीवर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा राहिला. सोलापूर, हुबळीच्या ‘सेटलमेंट’ त्याच कायद्याने वसवल्या. तो शिक्का सरकारदप्तरी पुसला गेला १९५२ मध्ये. गावातल्या पोलीस ठाण्यात तो किती पुसला गेला, हे विमुक्त समाजाला विचारावं.

स्लीमनचं डोकं मात्र एकाच कामात अडकलेलं नव्हतं. १८२८ मध्ये जबलपूरजवळ त्याला जी जुनी हाडं सापडली, ती पुढे डायनासोरची निघाली! १८४३ पासून तो ग्वाल्हेरला रेसिडेंट होता, जयाजीराव शिंदे तेव्हा लहान होते. मग लखनौ. अवधच्या कारभारावर त्याने कडक ताशेरे ओढले, पण राज्य खालसा करू नका असंही बजावलं. कंपनीने ऐकलं नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झालं आणि त्याच आठवड्यात मायदेशी निघालेला स्लीमन सिलोनजवळ बोटीवर वारला.

त्याचं ठगी आणि दरोडे खातं मात्र मागे राहिलं. ठग संपले तरी खातं संपलं नाही, सरकारी खाती सहसा संपत नाहीत. १८६३ नंतर त्याचं काम मुख्यतः संस्थानांपुरतं उरलं. १८८७ मध्ये त्याच खात्यात राजकीय बातम्या गोळा करणारी विशेष शाखा उघडली, म्हणजे नजर दरोडेखोरांवरून सभा आणि वर्तमानपत्रांकडे वळली. १९०४ मध्ये जुनं खातं मोडून केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं झालं, आणि त्यातूनच पुढे इंटेलिजन्स ब्युरो. १९४७ मध्ये संजीवी पिल्ले हे पहिले भारतीय संचालक झाले. ब्रिटिश गेले, दप्तर राहिलं.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ मध्ये एनआयए आली, ती राज्याची परवानगी न घेता देशभर तपास करू शकते. हद्दीचा जुना प्रश्न तिथे कायद्याने सोडवला, आणि एनआयएला निदान कोर्टात उभं राहावं लागतं. आयबीला आजही स्वतःचा असा कायदा नाही. तिचे अधिकार काय, हिशेब कुणापुढे द्यायचा, हे संसदेने ठरवलेलं नाही. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे सरकलंच नाही.