परप्रांतातील प्रसूतिगृह : डॉ. रखमाबाई यांचे जीवनकार्य

रखमाबाई हे नाव आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असते ते एका खटल्यामुळे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ज्या खटल्याने मुंबईच्या उच्च न्यायालयापासून विलायतेतील वृत्तपत्रांपर्यंत खळबळ उडवून दिली, त्याची हकीगत समाजसुधारणेच्या प्रत्येक इतिहासात सापडते. परंतु तो खटला चालला अवघी चार वर्षे. त्यानंतर रखमाबाईंनी गर्भवती आणि बाळंतिणींची सेवा केली ती सुमारे पस्तीस वर्षे, आणि तीही महाराष्ट्राबाहेर, सुरत व राजकोट येथे. परप्रांतात संसार मांडून बसलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना या दुसऱ्या रखमाबाईंची ओळख व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजातील एका सुस्थित कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तरुण वयात विधवा झाल्या. मात्र त्यांच्या ज्ञातीत पुनर्विवाहास मज्जाव नसल्याने काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक. अशा विद्याव्यासंगी सावत्र पित्याच्या घरी रखमाबाई वाढल्या.

तथापि रूढीची पकड त्याही घराला चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखारामांच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. माहेरीच राहिल्या आणि शाळा सुटली तरी घरी वाचन करीत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली. ती नाकारली जाताच प्रकरण न्यायालयात गेले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात झालेल्या आणि पुढे कधीही संसारात न उतरलेल्या विवाहाच्या आधारे एका जाणत्या स्त्रीला बळाने पाठविणे त्यांना न्याय्य वाटले नाही. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याच्या आत पतीगृही जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिन्यांची कैद ठरलेली. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. या वादात लोकमान्य टिळकांसारखे थोर पुढारी त्यांच्या विरोधी पक्षात होते, हेही नमूद केले पाहिजे. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला आणि प्रकरण मिटले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे जी चर्चा होती, तिला या खटल्याने मोठे बळ दिले.

सामान्य माणूस अशा अग्निदिव्यातून बाहेर पडल्यावर विसावा शोधतो. रखमाबाईंनी अभ्यास शोधला. कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ साली इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. त्याआधी आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून १८८६ साली पदवी मिळवून परतल्या होत्या. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला आणि त्यांचे ज्ञान रुग्णांच्या उपयोगी पडण्यापूर्वीच लोपले. आनंदीबाईंच्या हातून राहिलेले काम करण्याचे भाग्य रखमाबाईंना लाभले. १८९४ साली त्यांचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले आणि १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या.

त्या काळी बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, असे आपल्या घरांतून म्हटले जाई, आणि ते अक्षरशः खरे होते. घरातील सर्वांत अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीच्या वाट्यास येई. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेने तिच्यासाठी जुनीपुराणी, मळकी वस्त्रे काढली जात. सुईण अनुभवी असली, तरी हात निर्जंतुक करण्याची गरज तिला कोणी शिकविलेली नसे. त्यामुळे मातेला सूतिकाज्वर होई; नाळ अस्वच्छ हत्याराने कापली गेल्याने अर्भकाला धनुर्वात होई. मूल अडले तर दोन-दोन दिवस वाट पाहिली जाई आणि सर्व उपाय थकल्यावर डॉक्टरांची आठवण होई. परपुरुषाने तपासणे तर अशक्यच. याच अडचणीवर उपाय म्हणून १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला होता. स्त्रियांसाठी रुग्णालये काढणे आणि स्त्री डॉक्टर, परिचारिका व सुइणी शिकवून तयार करणे, हे त्याचे काम होते.

इमारत उभी राहिली म्हणून विश्वास उभा राहतो असे नाही. रुग्णालय म्हणजे मरावयास जाण्याची जागा, अशी सुरतेच्या बायकांची समजूत होती. खाटा होत्या, डॉक्टरीण होती. परंतु बाळंतीण नव्हती. रखमाबाईंविषयी एक गोष्ट सांगितली जाते. त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून ठेवली, तिची सुखरूप सुटका केली आणि आई व पिल्लू दोन्ही धडधाकट असल्याचे बायकांना डोळ्यांनी पाहू दिले. या गोष्टीत हसण्यासारखे काही वाटले, तरी तिच्यातील मर्म फार खोल आहे. रखमाबाईंनी बायकांच्या अज्ञानाला नावे ठेवली नाहीत. त्यांच्या भीतीला समजेल असे उत्तर दिले. हळूहळू बायका येऊ लागल्या.

सुरतेत त्या दोन तपांहून थोडाच कमी काळ राहिल्या. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या दिवसांतही त्यांनी शहर सोडले नाही. सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक देऊन गौरविले. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा ज्याच्याशी कधी संसार केला नाही त्याच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेचा वेष स्वीकारला. सुधारकांना हे कोडे वाटावे आणि सनातन्यांनाही वाटावे, असे त्यांचे वागणे होते. माणूस एका सूत्रात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ आपण घ्यावा. १९१७ च्या सुमारास त्या सुरतेहून निघाल्या आणि पुढे सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेचे बोलावणे नाकारून राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या. तेथे त्यांनी रेड क्रॉसची शाखाही सुरू केली. १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईस परतल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

आपल्यापैकी अनेकजण बदलीच्या हुकुमाने येथे आले. काही पोटापाण्यासाठी आले. रखमाबाई ज्या गावी गेल्या, तेथील भाषा त्यांची नव्हती आणि माणसेही त्यांची नव्हती. तरीही तेथील लेकीसुनांना त्यांनी आपले मानले.

त्यांचे काम अद्याप संपलेले नाही. २०१८-२० या काळात आपल्या देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने हा आकडा बराच खाली आला आहे, परंतु त्यातील प्रत्येक माता कोणाची तरी लेक होती. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, आणि खाजगी डॉक्टरांनीही तेथे स्वयंसेवक म्हणून यावे अशी त्यात योजना आहे. पण आपल्या शहरात नव्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या मजूर स्त्रीला ही तारीख कोण सांगणार? तिच्या पायांवरची सूज आणि सतत दुखणारे डोके ही पुढे येणाऱ्या आकडीची पूर्वसूचना असू शकते, हे तिला तिच्या भाषेत कोण समजावणार? त्यांपैकी कित्येकजणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या असतात.

मंडळाच्या पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव केले, नाटके केली, ग्रंथालय चालविले. हे सर्व मोलाचेच आहे. एक्कावन्नाव्या वर्षी मंडळाच्या चार भगिनींनी महिन्याच्या ९ तारखेस अशा दोन-तीन स्त्रियांना हाताशी धरून रुग्णालयापर्यंत नेले, तिथे त्यांच्या शेजारी बसून त्यांचे म्हणणे डॉक्टरांना आणि डॉक्टरांचे म्हणणे त्यांना सांगितले, तर त्यासाठी ना निधी लागेल, ना ठराव. रखमाबाईंना वाहावयाची आदरांजली याहून वेगळी असण्याचे कारण नाही.