डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल : स्नायूंच्या वेदनेचा माग काढणाऱ्या वैद्य

औषधाचा थेंबही न देता केवळ बारीक सुई आखडलेल्या स्नायूत टोचून वेदना शमवण्याचा ‘ड्राय नीडलिंग’ हा उपचार आज अनेक देशांतील फिजिओथेरपिस्ट करतात. तो ज्यांच्या संशोधनावर उभा आहे, त्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्या हातातील सुई मात्र कोरडी नव्हती.

ट्रॅव्हेल यांचा जन्म १७ डिसेंबर १९०१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वैद्यकीचा वारसा त्यांना डॉक्टर वडिलांकडून मिळाला. १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्या औषधशास्त्र व हृदयविकारांकडे वळल्या. पुढे त्यांचे लक्ष स्नायूंच्या दुखण्याने वेधून घेतले. तपासणीत काहीच न सापडल्याने असे दुखणे मनाचा खेळ ठरण्याची भीती असे. ट्रॅव्हेल यांनी ते बोटांनी चाचपून शोधले. स्नायूतील ताठर पट्ट्यात एखादी जागा दाबताच कळ उठते आणि ती भलतीकडेच जाणवते. मानेलगतच्या स्नायूतील दोष कानशिलात ठणकतो. या जागांना ‘ट्रिगर पॉइंट’ हे नाव रूढ झाले. तेथे प्रोकेन हे बधिरता आणणारे औषध टोचणे आणि स्नायू ताणून मोकळा करणे, ही त्यांची पद्धत होती.

१९५५ मध्ये सिनेटर जॉन केनेडी त्यांच्याकडे आले. पाठीवरील शस्त्रक्रियांनंतरही त्यांची वेदना हटली नव्हती. ट्रॅव्हेल यांनी इंजेक्शने दिली, आखूड पायाच्या बुटात उंचवटा बसवला आणि झुलती खुर्ची सुचवली. १९६१ मध्ये केनेडी यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये नेमले. राष्ट्राध्यक्षांच्या वैद्य होणाऱ्या त्या पहिल्याच महिला. मात्र इंजेक्शनांवरील भर सहकारी डॉक्टरांना खटकला. त्याच वर्षी डॉ. हान्स क्रॉस यांना बोलावण्यात आले आणि त्यांनी व्यायामाने पाठ बळकट करण्याचा मार्ग धरला.

औषध खरोखर आवश्यक आहे का, या प्रश्नाला १९७९ मध्ये प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनी नवे वळण दिले. नेमक्या जागी टोचलेली सुई औषधाविनाही वेदना शमवते, असे त्यांनी मांडले आणि कोरड्या सुईचा मार्ग प्रशस्त झाला. तिचा परिणाम किती काळ टिकतो, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. छातीजवळ चुकून खोल गेल्यास सुई फुप्फुसाला इजा करू शकते, म्हणून ती प्रशिक्षित हातीच शोभते.

डॉ. डेव्हिड सिमन्स यांच्यासह लिहिलेल्या ट्रॅव्हेल यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये, तर दुसरा १९९२ मध्ये, त्यांच्या नव्वदीत प्रसिद्ध झाला. स्नायूंगणिक वेदनेचे नकाशे रेखाटणाऱ्या या ग्रंथात सुईइतकेच महत्त्व बसण्याच्या पद्धतीला आणि खुर्चीच्या घडणीला आहे. दुखण्याचे कारण तसेच राहिले तर दुखणे परतते, हे त्या सातत्याने सांगत राहिल्या. १ ऑगस्ट १९९७ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले.