चवदार तळ्याचा दावा आणि बाबासाहेब

आमच्या जासईच्या भूमीत हक्कासाठी झगडण्याची परंपरा आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी येथील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. अशा गावच्या स्मरणिकेत, आपल्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात गाजलेल्या एका दाव्याच्या निमित्ताने डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र आठवणे आम्हांस उचित वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. समान परंतु वेगळ्या सोयींचे तत्त्व मान्य करून वर्णभेदास कायद्याचा आधार देणारा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १८९६ चा निर्णय त्या वेळी अमलात होता. पुढे लंडनला बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये त्यांनी मुंबईस वकिली आरंभिली.

त्याच वर्षी रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले होते. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने तळे खुले केले; पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले.

१२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. सत्याग्रहास लोक उतावीळ झाले होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांस आवरले आणि हुकूम पाळला. जमलेल्या जनतेस माघारी वळविणे हे चढाई करण्याहून कठीण असते, हे नेतृत्व केलेल्यांस सांगणे नलगे.

मग सुरू झाली कागदाची लढाई. महाडचा निकाल १९३१ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि मज्जावाची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे हे वादींस सिद्ध करता आले नाही. सव्वानऊ वर्षांनी न्याय पदरी पडला. रूढी जुनी आहे एवढे म्हणून भागत नाही, ती पुराव्याने शाबीत करावी लागते, हा त्याचा इत्यर्थ होय.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या आमच्या आगरी कुळांचा संप १९३३ पासून चालू होता, आणि बाबासाहेबांनी त्या शेतकऱ्यांची बाजू घेतली होती. विधेयक संमत झाले नाही; तथापि खोती १९४९ च्या कायद्याने गेलीच. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांपुरते १८९६ चे तत्त्व १९५४ मध्ये त्याज्य ठरविले. आमची घटना त्याआधी चार वर्षे अमलात आली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीस महानिर्वाण झाले.

ज्ञातिबांधवांनो व भगिनींनो, हक्क केवळ रोषाने मिळत नाही. जमिनीचे उतारे, पावत्या, नोटिसा आपण जपून ठेवाव्या आणि आपल्या मुलामुलींस कायद्याचे शिक्षण द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्याच्या हाती पुरावा आहे, त्याला न्यायासनापुढे मान खाली घालावी लागत नाही.