तोरणा ३१,४९३ मीटर उंच? हर्मन हॉलरिथची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडच्या ट्रेकसाठी एक छोटं वेब ॲप लिहीत होतो. किल्ल्यांच्या उंचीसाठी नासाची फाइल घेतली. २००० साली एंडेव्हर यानातल्या रडारने जमिनीची उंची मोजली होती, त्यातली. १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश एवढ्या चौकोनाची ही एक फाइल, त्यात भोर, राजगड, तोरणा सगळं येतं. फंक्शन लिहिलं, फाइल ॲरेमध्ये लोड केली, आणि तोरणा निघाला एव्हरेस्टच्या साडेतीन पट उंच! एरर मात्र एकही नाही.

त्या फाइलला हेडर नाही, कॉलमची नावं नाहीत. नुसते १२०१ गुणिले १२०१ आकडे, प्रत्येकी दोन बाइटचे. कुठला आकडा कुठल्या जागेचा, हे फक्त त्याच्या क्रमावरून कळतं. जागेवरून अर्थ लावायची ही पद्धत आजच्या कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे, आणि ती मोठ्या कामात चालवून दाखवली हर्मन हॉलरिथने.

हॉलरिथचा जन्म १८६०चा, अमेरिकेतल्या बफेलोचा. आईवडील जर्मनीतून आलेले. एकोणिसाव्या वर्षी कोलंबियातून पदवी घेतली आणि तो १८८०च्या जनगणनेच्या कामाला लागला. तिथे कारकून हाताने रेघा मारून माणसं मोजत होते. ते काम कित्येक वर्षं चाललं. हे मशीनने व्हायला हवं, असं जॉन शॉ बिलिंग्ज या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला सुचवलं.

त्याने आधी कागदाची लांब पट्टी वापरून बघितली. पण एका माणसाची माहिती हवी तर अख्खी पट्टी फिरवा. (घरात जुनी कॅसेट असेल तर कळेल.) तेव्हा काही रेल्वे कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचे. त्यावरून त्याला कार्ड सुचलं. एका माणसाचं एक कार्ड; अमुक जागी भोक म्हणजे पुरुष, तमुक जागी म्हणजे विवाहित. कार्डावर छापलेलं काहीच नाही. सुया खाली यायच्या, भोकातून गेलेली सुई पाऱ्यात बुडायची, सर्किट पूर्ण व्हायचं आणि डायलवरचा काटा एक घर पुढे. १८८९ साली तीन पद्धतींची चाचणी झाली. आकडे मोजायला इतर दोघांना ४४ तासांहून जास्त लागले, हॉलरिथला साडेपाच. १८९०च्या जनगणनेचं काम त्यालाच मिळालं.

मला त्यातल्या दोन बारीक गोष्टी भारी वाटतात. कार्डाचा एक कोपरा कापलेला असायचा, त्यामुळे उलटं कार्ड लगेच दिसायचं. आणि कार्ड नीट वाचलं गेलं तरच बेल वाजायची. नाही वाजली तर ते बाजूला काढायचं. माझ्या फंक्शनमध्ये यातलं काहीच नव्हतं. तोरणा १४०३ मीटर, म्हणजे ५ गुणिले २५६ अधिक १२३. दोन बाइट झाले ५ आणि १२३. फाइलमध्ये मोठा बाइट आधी असतो. मी वापरलेला इंट१६ॲरे प्रोसेसरच्या सवयीने चालतो, आणि आपल्या फोनमध्ये लहान बाइट आधी धरतात. त्याने १२३ गुणिले २५६ अधिक ५ केलं. झाले ३१,४९३!

हॉलरिथ स्वभावाने हट्टी. मशीन विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. भाड्यावरून जनगणना खात्याशी वाजलं, तेव्हा खात्याने स्वतःचीच मशीन बनवायला घेतली. १९११ साली त्याची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. त्या एकत्र कंपनीचं नाव १९२४ पासून आयबीएम. तो मात्र मेरीलँडमधल्या शेतावर गुरं पाळण्यात रमला. १९२९ मध्ये गेला.

माझं फंक्शन आता डेटाव्ह्यूने वाचतं, कारण तिथे बाइटचा क्रम आपण ठरवू शकतो. फाइल बरोबर २८,८४,८०२ बाइटची नसेल तर ते उघडतच नाही. आणि १,५०० मीटरच्या वरचा आकडा आला की एरर देऊन थांबतं.