बँका वाचवणारे ताकाहाशी कोरेकियो

आगमन-शताब्दीच्या या स्मरणिकेत आपल्या माणसांच्या आठवणी आहेतच. ज्या जपानात ती माणसे आली, तिथे त्या सुमारास काय घडत होते हेही वाचकांना कळावे, म्हणून आम्ही एका जपानी गृहस्थाचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

ताकाहाशी कोरेकियो यांचा जन्म १८५४ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत झाला. वडील चित्रकार होते, पण हे मूल लग्नाबाहेरचे. सेन्दाई संस्थानातल्या एका साध्या शिपायाच्या घरी ते दत्तक गेले. योकोहामात इंग्रजी शिकून १८६७ साली अमेरिकेला गेले. तिथे न वाचता सही केलेल्या करारामुळे त्यांना वेठबिगारासारखे राबावे लागले. परत आल्यावर ते शिक्षक झाले. क्यूशूतल्या कारात्सु गावी त्यांनी इंग्रजी शिकवले. पुढे ते जपानच्या पेटंट कार्यालयाचे पहिले प्रमुख झाले. मग पेरूमधल्या चांदीच्या खाणीच्या नादाला लागले. खाण आधीच उपसलेली निघाली आणि राहते घरही गेले.

१८९२ साली बँक ऑफ जपानने त्यांना नव्या इमारतीच्या बांधकामावर कारकुनी काम दिले. त्या इमारतीचे वास्तुकार तात्सुनो किंगो हे कारात्सुतले त्यांचेच विद्यार्थी. पुढे तोक्यो स्टेशनही याच तात्सुनोंनी बांधले. विद्यार्थ्याच्या हाताखाली काम करण्यात ताकाहाशींना कमीपणा वाटला नाही. शाळेत जन्म घालवलेल्या आम्हाला त्यांच्या चरित्रातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्याच बँकेचे ते १९११ साली गव्हर्नर झाले. त्याआधी १९०४-०५ मध्ये रशियाशी लढाई चालू असताना लंडन व न्यूयॉर्क येथे कर्ज उभारण्याची कामगिरी त्यांनी पार पाडली होती. १९२१ साली ते पंतप्रधानही झाले.

त्यांची खरी कसोटी १९२७ साली लागली. तेव्हा जपानात सुमारे १,४०० बँका होत्या. पुष्कळशा लहान गावांतल्या, एखाद्या सावकार किंवा व्यापारी घराण्याच्या. लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि घरच्याच धंद्यांना कर्जे द्यायची, अशी त्यांची रीत. धंदा बसला की बँकही बसे, आणि ठेवीला कोणाची हमी नसे. १९२० च्या मंदीत धंदे खिळखिळे झाले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने तोक्यो-योकोहामा उद्ध्वस्त झाले. त्यात अडकलेल्या हुंड्यांना सरकारने मुदत दिली, पण त्यांच्या आड जुनी बुडीत कर्जेही लपवली गेली.

१४ मार्च १९२७ रोजी अर्थमंत्री काताओका यांनी संसदेत तोक्यो वातानाबे बँक बुडाल्याचे सांगून टाकले. प्रत्यक्षात बँकेने त्या दिवसापुरती रक्कम कशीबशी जमवली होती. पण शब्द बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी बँकेने दारे लावली. दारांपुढे रांगा लागल्या. योकोहामाची सोदा बँकही बंद पडली. एप्रिलमध्ये कोबेची सुझुकी पेढी कोसळली आणि तिला अमाप कर्ज देणारी बँक ऑफ तैवान अडचणीत आली. मंत्रिमंडळ गेले. मुंबईची इंडियन स्पेशी बँक १९१३ साली बुडाली, त्याची हकीकत ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांना या रांगांतल्या माणसांचे हाल वेगळे सांगायला नकोत.

बहात्तर वर्षांच्या ताकाहाशींना पुन्हा अर्थमंत्रिपदी बोलावण्यात आले. त्यांनी २२ एप्रिलपासून तीन आठवडे देणी थांबवण्याचा हुकूम काढवला. बँकांना दोन दिवस बंद राहायला लावले, पुढे रविवार आला. तेवढ्या अवधीत बँक ऑफ जपानने २०० येनच्या नोटा छापल्या. घाई इतकी की मागची बाजू कोरीच राहिली. सोमवारी बँका उघडल्या तेव्हा गल्ल्यापाशी नोटांच्या थप्प्या दिसत होत्या. पैसे आहेत हे डोळ्यांनी दिसल्यावर लोक शांत झाले. बुडीत कर्जांपायी होणाऱ्या तोट्याची हमी सरकारने घेतली. सुमारे दीड महिन्यात काम संपवून ताकाहाशींनी पद सोडले.

सगळ्यांचे पैसे मात्र वाचले नाहीत. बंद पडलेल्या कित्येक बँकांच्या ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळाली नाही. नव्या कायद्याने किमान भांडवलाची अट आली आणि गावोगावच्या लहान बँका मोठ्यांत विलीन झाल्या. पाच वर्षांत त्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. ओळखीच्या माणसाकडून कर्ज मिळण्याची गावची सोयही त्यांच्याबरोबर गेली.

१९३१ च्या डिसेंबरात ते पुन्हा अर्थमंत्री झाले. सोन्याशी बांधलेले चलन मोकळे करून त्यांनी देशाला मंदीतून बाहेर काढले. नंतर लष्करी खर्चाला आवर घालू लागले, तेच त्यांच्या जिवावर बेतले. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे, बाहेर बर्फ असताना, बंडखोर सैनिकांनी आकासाकातल्या राहत्या घरी त्यांचा खून केला. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते.

गोल चेहऱ्यामुळे लोक त्यांना प्रेमाने दारुमा म्हणत. १९५१ च्या ५० येनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. त्यांचे घर आता कोगानेई उद्यानातल्या वास्तुसंग्रहालयात जपून ठेवले आहे. ज्या माडीवर त्यांचा अंत झाला, तिथे आपल्याला जाता येते. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.