होमी भाभा : मुलाचा हट्ट आणि वडिलांची अट

इंजिनीअरिंगला घातलेला मुलगा अर्ध्या वाटेवर, कधी कधी तर पदवी हाताशी आलेली असताना, घरी कळवतो की हा विषय आपला नव्हे, दुसरा घ्यायचा आहे. मग त्या घरात काय होते, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. फी भरून झालेली असते, चार नातेवाइकांना कौतुकाने सांगून झालेले असते, एखाद्या ओळखीच्या कंपनीत शब्दही टाकून ठेवलेला असतो. १९२८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतील एका सुखवस्तू पारशी घरात केंब्रिजहून असेच एक पत्र येऊन पडले. लिहिणारा होता अठरा वर्षांचा होमी जहांगीर भाभा.

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा. आजोबा हुरमसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. वडील जहांगीर हे ऑक्सफर्डला शिकलेले कायदेपंडित, आणि टाटांच्या उद्योगांशी त्यांचा निकटचा संबंध. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे आत्याकडे गेलेल्या या मुलाच्या कानांवर लहानपणापासून पोलाद, वीजनिर्मिती, नवे कारखाने अशाच गोष्टी पडत. घरी मोठा ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या होत्या, चित्रकला शिकण्याची सोय होती. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा मुंबईतला अभ्यासक्रम आटोपून १९२७ मध्ये होमी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाला. दोराबजीही तिथलेच विद्यार्थी. बेत ठरलेला होता : यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घ्यायची, परत यायचे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे.

हा बेत वाईट होता, असे आज कोणी म्हणू नये. परतंत्र देशात भारतीय माणसांनी उभारलेला तेवढा मोठा कारखाना दुसरा नव्हता आणि तिथे शिकलेल्या अभियंत्यांची खरोखरच गरज होती. मुलाच्या भल्याबरोबर देशाचे भलेही त्यात होते. वडिलांची बाजू लंगडी नव्हती, म्हणूनच मुलाचे पत्र लिहिणे अवघड होते.

पण होमी ज्या गावी शिकत होता, तिथे त्या वर्षांत भौतिकशास्त्राचा पायाच नव्याने घातला जात होता. पुंजयामिकी जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. केंब्रिजमधल्याच पॉल डिरॅक या पंचविशीतल्या गणितज्ञाने १९२८ च्या आरंभी इलेक्ट्रॉनविषयीचे आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड आणि त्यांचे सहकारी अणूच्या गाभ्याचा शोध घेत होते. यंत्रांची रेखाचित्रे काढणाऱ्या या विद्यार्थ्याचे मन त्या बाजूला ओढले गेले ते गेलेच. इथे एक गंमत नोंदवायला हवी. खुद्द डिरॅक यांनी आधी ब्रिस्टलला विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि मग ते गणिताकडे वळले होते.

पत्रात होमीने वडिलांपुढे आपली बाजू मांडली, ती विनवणीच्या सुरात नव्हे. उद्योगधंद्यातली किंवा अभियंत्याची नोकरी आपल्या प्रकृतीला सर्वस्वी परकी आहे, भौतिकशास्त्र हेच आपले क्षेत्र असून तिथेच आपल्या हातून मोठे काम होईल, असे त्याचे म्हणणे होते. एखाद्या मोठ्या कंपनीचा प्रमुख होण्याची हौस आपल्याला नाही. ती असणारी हुशार माणसे पुष्कळ आहेत, त्यांनी ते काम करावे, असेही त्याने कळवले. हिंदुस्थानात विज्ञान करता येत नाही, ही समजूतही त्याला मान्य नव्हती. अठराव्या वर्षी इतका ठाम स्वर लावणारा मुलगा पुढे काही करून दाखवतो, तेव्हा आपण त्याला आत्मविश्वास म्हणतो. करून दाखवले नाही, तर त्यालाच उद्दामपणा म्हणतो. जहांगीर भाभांच्या हाती पत्र आले तेव्हा यांतले काय खरे ठरणार, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी नकार दिला नाही आणि लगेच होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली. हाती घेतलेली यांत्रिक अभियांत्रिकीची ट्रायपॉस, म्हणजे केंब्रिजची पदवी परीक्षा, आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो. तसे झाले तर तिथेच राहून गणिताची ट्रायपॉस करण्याचा खर्च मी देईन.

ही कथा पुष्कळदा उदार बापाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यात औदार्यापेक्षा वकिली शहाणपण अधिक दिसते. मुलाची ओढ खरी असेल तर दोन वर्षे नावडता अभ्यास करूनही ती टिकेल. खोटी असेल तर तेवढ्या काळात ओसरेल, आणि काही झाले तरी एक पदवी पदरात पडलेली असेल. शिवाय पहिल्या वर्गाची अट असल्यामुळे नावडत्या विषयात कसेबसे पास होऊन सुटका करून घेण्याची सोय उरली नाही. अर्थात हेही मान्य केले पाहिजे की, केंब्रिजमध्ये आणखी दोन वर्षे मुलाला ठेवण्याची ऐपत असलेल्या घरालाच अशी अट घालता येते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाच्या बापाला दोन पदव्यांचा सौदा परवडत नाही.

होमीने अट पाळली. त्या दोन वर्षांत तो कुढत बसला नाही. यंत्रशास्त्राच्या अभ्यासाबरोबर चित्रे काढणे, विद्यार्थ्यांच्या नाटकांसाठी नेपथ्य रचणे, संगीत ऐकणे हेही चालू राहिले. १९३० च्या जूनमध्ये तो यांत्रिक ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात आला. वडिलांनीही शब्द पाळला. डिरॅकसारख्या शिक्षकाच्या हाताखाली पुढची दोन वर्षे काढून १९३२ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्येही त्याने पहिला वर्ग मिळवला. योगायोग असा की १९३१-३२ या वर्षासाठी त्याला मिळालेली सॉलोमन्स शिष्यवृत्ती अभियांत्रिकीची होती!

पुढची वर्षे वेगाने गेली. विश्वकिरणांच्या शोषणावरचा पहिला शोधनिबंध १९३३ चा. १९३५ मध्ये डॉक्टरेट. झुरिचला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर अशा दिग्गजांच्या सहवासात काम. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्या प्रक्रियेचे भाभांनी केलेले गणित आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. जमशेदपूरला न जाता त्यांनी जे मागितले होते, ते त्यांना मिळाले होते.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध सुरू झाल्याने इथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याविषयी लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. मुंबईत तिचे पहिले बिऱ्हाड पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात होते. तो त्यांच्या आप्तांचा बंगला, आणि त्यांचा जन्मही तिथलाच.

यानंतरच्या भाभांच्या आयुष्याला एक विलक्षण वळण आहे आणि त्यांची स्तुती करताना ते बहुधा झाकले जाते. ज्या तरुणाने मोठ्या कंपनीचा कारभार नको म्हणून वडिलांशी वाद घातला होता, तो १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष झाला. नकाशे, निविदा, जमिनी, नेमणुका, परदेशी करार यांत तो आकंठ बुडाला आणि स्वतःचे संशोधन हळूहळू मागे पडत गेले. ज्या कारभारापासून अठराव्या वर्षी पळ काढला होता, तो चाळिशीत कित्येक पटींनी मोठा होऊन समोर उभा राहिला. फरक एवढाच की, हा कारभार त्यांनी स्वतः मागून घेतला होता.

आणि इथे बापाने करायला लावलेली पहिली पदवी उपयोगी पडली. तुर्भ्याला आशियातली पहिली अणुभट्टी, ‘अप्सरा’, उभारायची ठरली तेव्हा इंधन ब्रिटनकडून आले. अणुभट्टीची बांधणी मात्र इथल्या अभियंत्यांनी आणि शास्त्रज्ञांनी केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती कार्यान्वित झाली. समीकरणे आणि पोलाद ही दोन्ही भाषा येणारा माणूस प्रमुखपदी असणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तीत विज्ञानाचे पदवीधर आणि अभियंते दोघेही घेतले गेले. हैदराबादचे न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स किंवा इंदूरचे राजा रामण्णा केंद्र या त्याच अणुऊर्जा खात्याच्या पुढच्या काळातल्या संस्था. तिथे नोकरीला असलेल्या मराठी घरांतून तुर्भ्याच्या त्या शाळेचे नाव आजही घेतले जाते.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा ‘कांचनजंगा’ या एअर इंडियाच्या विमानात होते. आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ ते विमान कोसळले. त्यांचे वय तेव्हा ५६ होते. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार १९६३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाला होता. तिथली वीज वाहू लागली ती १९६९ मध्ये, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी.