दादोबा पांडुरंग आणि मराठी वाक्यातील क्रियाविशेषणाचे स्थान

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे ‘मराठीचे पाणिनी’ ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. या उपाधीमुळे त्यांच्या कार्याचा गौरव झाला हे खरे. परंतु त्यांच्यासमोरची मूळ अडचण तिच्यामुळे काहीशी झाकली गेली. पाणिनीला परक्या भाषेचा साचा घेऊन आपल्या भाषेची मांडणी करावयाची नव्हती. दादोबांना ती करावी लागली.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. आत्माराम पांडुरंग आणि भास्कर पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू. पैकी आत्माराम १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी होते, तर भास्कर यांनी इंग्रजी राजवटीवर परखड टीका केली. दादोबांचे शिक्षण मुंबईत नव्याने सुरू झालेल्या इंग्रजी शाळांत झाले. ज्या पिढीने इंग्रजी भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून नियमबद्ध रीतीने शिकली आणि मातृभाषा मात्र केवळ ऐकून आत्मसात केली, त्या पिढीचे ते प्रतिनिधी होत. मराठी शाळांसाठी मराठीतूनच लिहिलेले व्याकरण हवे, ही जाणीव त्यातून निर्माण झाली. विल्यम कॅरी यांचे १८०५ चे व्याकरण इंग्रजीत होते आणि ते मराठी शिकणाऱ्या परकीयांसाठी होते. दादोबांचा वाचक मराठी मुलगा होता.

त्यांच्यासमोर नमुना होता तो लिंडले मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाचा. शब्दांच्या नऊ जाती, त्यांची लक्षणे आणि वाक्यरचनेचे क्रमांकित नियम ही मरे यांची पद्धती. त्यांच्या पंधराव्या नियमात क्रियाविशेषणाच्या स्थानाचा विचार आहे: ते बहुधा विशेषणापूर्वी, क्रियापदानंतर आणि पुष्कळदा साहाय्यक क्रियापद व मुख्य क्रियापद यांच्या मध्ये येते. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारखी रूपे इंग्रजीत मुख्य क्रियापदाच्या आधी सुटी उभी असल्याने मध्ये जागा मोकळी राहते आणि ‘सून’, ‘ईझिली’ यांसारखी क्रियाविशेषणे तेथे सहज सामावतात.

मराठीत हा नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण येथे ती मोकळी जागाच नसते. ‘तो हे सहज करू शकेल’ या वाक्यात शक्यतेचा अर्थ देणारे ‘शकेल’ मुख्य क्रियापदाच्या नंतर येते, आणि ‘सहज’ या दोहोंच्या जोडीपूर्वी येते. ‘तो हे करू सहज शकेल’ अशी रचना मराठी कानाला खटकते. ‘त्याने लवकर यावे’ या वाक्यात तर कर्तव्याचा अर्थ धातूला लागलेल्या प्रत्ययातच आहे. जेथे दोन पदेच नाहीत तेथे मध्ये काय घालणार? जोडीच्या आत प्रवेश मिळतो तो ‘च’, ‘ही’, ‘तर’ अशा मोजक्या अव्ययांना: ‘करूच शकत नाही’, ‘करू तर शकेल’. ही अव्यये क्रियेची रीत सांगत नाहीत, ती भर देतात. इंग्रजीत एकाच स्थानी येणारे शब्द मराठीत अशा रीतीने दोन वर्गांत विभागले जातात.

साचा कोठे पुरत नाही, हे दादोबांच्या ग्रंथात अन्यत्र स्पष्ट दिसते. नामांच्या विचारात त्यांनी संस्कृतातील विभक्तिव्यवस्था स्वीकारली. क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे, कधी कर्माप्रमाणे चालते आणि कधी दोहोंपासून अलिप्त राहते, याचा उलगडा करण्यास मरे असमर्थ होते; म्हणून कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांचा विचार आवश्यक ठरला. मात्र शब्दांच्या जातींची चौकट मुख्यतः इंग्रजी वळणाची राहिली. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ही अव्ययांची विभागणी मराठी शाळांत रुजली ती या ग्रंथाच्या प्रभावाने.

ग्रंथरचनेबरोबर दादोबांचे आयुष्य अनेक वळणांनी गेले. जावरा संस्थानात नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. सुरतेस अध्यापन करीत असता १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासमवेत त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईस परतल्यावर शिक्षक तयार करण्याचे कार्य त्यांच्याकडे आले आणि १८४९ मध्ये जातिभेद न मानणारी परमहंस सभा त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. व्याकरणाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५० ची. त्यानंतर ते डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात गेले. १८६५ मध्ये मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध झाली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शाळापत्रका’तील निबंधांतून दादोबांच्या अनेक मतांची चिकित्सा केली. मराठी व्याकरणाचा विचार मराठीच्या रूपांवरूनच व्हावा, ही दिशा त्या चिकित्सेने बळकट झाली. परंतु चिकित्सा करण्याजोगा व्यवस्थित ग्रंथ आधी दादोबांनी सिद्ध केला होता, हेही विसरता येत नाही.

नगरच्या पूर्वेस लागून असलेला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिला. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईशी मुकुंदराजांची परंपरा जोडली जाते, आणि दासोपंतांचे प्रचंड लेखन तेथेच झाले. त्या ओवीबद्ध वाङ्मयात पदक्रम छंदाच्या गरजेने मागेपुढे होतो. क्रियाविशेषण चरणाच्या आरंभी आले काय आणि अखेरीस आले काय, अर्थाला बाध येत नाही. पदाचे नेमके स्थान हा प्रश्न तीव्र झाला तो शालेय गद्य आणि भाषांतर यांच्यामुळे. मराठी माध्यमातून आलेला बीडचा विद्यार्थी आज इंग्रजी वाक्य लिहिताना ‘सहज’ हा शब्द ‘कॅन’च्या आधी ठेवू लागतो, तेव्हा त्याला केवळ चूक म्हणून थांबणे अपुरे आहे. त्याने मराठीचा नियम इंग्रजीस लावलेला असतो. दादोबांनी इंग्रजीची चौकट मराठीस लावली होती. दिशा उलट असली तरी व्यवहार एकच. दोन्ही नियम शेजारी मांडून दाखविल्यास विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य साधते, आणि आपली भाषाही नियमाने चालते हे कळते. १८३६ मध्ये मराठी मुलांना दादोबांना हेच पटवून द्यावयाचे होते.